सोन्याचं पाण्यातलं वजन

अकबराच्या दरबारात दोन सख्खे भाऊ होते. थोरला फैजी, कवी. धाकटा अबुल फजल, बादशहाचा इतिहासकार. १५८७ मध्ये फैजीनं अकबराच्या सांगण्यावरून एका संस्कृत पुस्तकाचं फारसी भाषांतर केलं. ते पुस्तक म्हणजे भास्कराचार्यांची 'लीलावती'. त्यानंतर काही वर्षांनी अबुल फजलची 'आईन-ए-अकबरी' तयार झाली. तिच्यात टांकसाळीच्या माहितीलगत एक छोटंसं प्रकरण आहे, कुठला धातू किती जड याबद्दल. त्यात दिलेली रीत अशी: भांडं पाण्यानं काठोकाठ भरायचं, प्रत्येक धातूचे शंभर-शंभर मिस्काल त्यात टाकायचे, आणि दर वेळी बाहेर सांडलेलं पाणी बघायचं.

म्हणजे एकाच घरात, फार तर दहा-बारा वर्षांच्या अंतरानं, ही दोन्ही पुस्तकं होती. एकात सोन्याच्या भेसळीचं गणित आहे आणि दुसऱ्यात वेड्यावाकड्या आकाराच्या सोन्याचं घनफळ पाण्यानं मोजायची युक्ती. या दोन गोष्टी एकत्र आल्या असत्या तर काय झालं असतं, हा प्रश्न मला गेली दोन वर्षं पडलेला आहे.

आधी 'लीलावती'. ती ११५० च्या सुमारास लिहिली गेली. भास्कराचार्यांनी आपलं गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड असं सांगितलंय. ते नेमकं कुठलं यावर अजून वाद आहेत, पण त्यांच्या घराण्याचा सगळ्यात ठोस पुरावा चाळीसगावजवळच्या पाटण्याला मिळतो. त्यांचा नातू चांगदेव यानं तिथे त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, आणि त्याचा शिलालेख १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. ओझरहून चांदवड, मनमाड, नांदगाव करत गेलं तर हा तीन-चार तासांचा रस्ता आहे. पाटणादेवीला सहलीला जाऊन आलेल्या किती जणांना हे माहीत असतं, देव जाणे.

'लीलावती'तलं सोन्याचं गणित अगदी व्यवहारातलं आहे. सोन्याच्या शुद्धतेला तिथे 'वर्ण' म्हटलंय, आणि १६ वर्ण म्हणजे शंभर नंबरी. वेगवेगळ्या वर्णाचे तुकडे एकत्र आटवले तर येणाऱ्या लगडीचा वर्ण किती? प्रत्येक तुकड्याचं वजन गुणिले त्याचा वर्ण, त्यांची बेरीज, भागिले एकूण वजन. समजा १२ वर्णाचं १० मासे आणि १५ वर्णाचं ५ मासे सोनं घेतलं, तर १२० अधिक ७५ म्हणजे १९५, भागिले १५, उत्तर १३ वर्ण. आटवताना मळ जळून वजन घटलं तर घटलेल्या वजनानं भागायचं. आजही जुनं सोनं मोडून नवा डाग करताना सराफाच्या कॅल्क्युलेटरवर हेच गणित होतं.

याच पुस्तकात घनफळाचीही प्रकरणं आहेत. वर रुंद आणि खाली अरुंद असलेल्या खड्ड्यातून माती किती निघेल, विटांच्या थरात विटा किती बसतील, धान्याच्या राशीत धान्य किती. राशीचं गणित तर मला फारच आवडतं. राशीचा घेर मोजायचा. धान्य जाड असेल तर राशीची उंची घेराच्या दहाव्या भागाइतकी धरायची, बारीक असेल तर अकराव्या, आणि कुसळाचं असेल तर नवव्या. दाणे एकमेकांवर किती घसरतात त्यावर राशीचा उतार ठरतो, हे ज्यानं ओळखलं तो माणूस खळ्यावर उभा राहून बघत होता.

पण खड्डा, विटांचा थर, रास, या सगळ्यांना आकार आहे. दोरी लावून त्यांची लांबी-रुंदी घेता येते. पाटलीची कशी घेणार? नथीची? वर्णाचं प्रकरण आणि घनफळाचं प्रकरण एकाच पुस्तकात आहेत, पण त्यांच्यामध्ये पूल नाही. डागाचा वर्ण हा तिथे आधीच माहीत असलेला आकडा आहे. तो आला कुठून? कसोटीच्या दगडावरून.

काळ्या, गुळगुळीत दगडावर सोनं घासायचं. बाजूला माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची. मग दोन्ही रेघांचे रंग डोळ्यांनी ताडून बघायचे. पुढे त्यावर तेजाबाचा थेंब टाकायची पद्धत आली. 'आईन'मध्येही याचं सविस्तर वर्णन आहे. निरनिराळ्या कसाचं सोनं टोकाला लावलेल्या सळया करून ठेवत आणि त्यांच्या रेघेशी तुलना करत. मराठीत तर या दगडानं घरच केलंय: कस लागणे, कसोटी, बावनकशी. भाषेत शब्द इतके रुजले आहेत त्यावरून कळतं की ही रीत किती चालली. आणि ती वाईट नव्हती. मुरलेल्या सराफाची नजर एखाद-दुसऱ्या टक्क्याचा फरक पकडते. तिची अडचण वेगळी आहे. रेघ फक्त वरचा पापुद्रा दाखवते, आणि ती वाचता येते फक्त सराफाला.

आता आर्किमिडीज. नागडा धावला, युरेका म्हणाला, ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. ती आपल्याला मिळते ती व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुतज्ज्ञाकडून, आणि तो आर्किमिडीजनंतर जवळपास दोनशे वर्षांनी लिहीत होता. आर्किमिडीजच्या स्वतःच्या तरंगणाऱ्या वस्तूंवरच्या ग्रंथात मुकुटाचा उल्लेख नाही. गोष्ट खरी असो-नसो, त्यातली रीत, म्हणजे सांडलेलं पाणी मोजायची, चालते का ते हिशेबानं बघू.

एक किलोचा मुकुट घ्या. शुद्ध सोन्याचा असेल तर सोन्याची घनता १९.३, म्हणून घनफळ सुमारे ५२ घन सेंटिमीटर. आता त्यात सोनारानं ३० टक्के चांदी घातली असं धरू. चांदीची घनता १०.५. मग घनफळ होतं सुमारे ६५. फरक १३ घन सेंटिमीटर. मुकुट मावेल असं २० सेंटिमीटर व्यासाचं पातेलं घेतलं तर या १३ घन सेंटिमीटरनं पाण्याची पातळी किती बदलेल? ०.४ मिलिमीटर. काठोकाठ भरलेल्या पातेल्यात पाणी काठाच्या वर फुगून उभं राहतं, तो फुगाच याहून मोठा असतो. तीस टक्के भेसळ म्हणजे काही किरकोळ चोरी नव्हे, आणि तीसुद्धा या रीतीनं जेमतेम दिसते.

ही शंका गॅलिलिओलाही आली होती. १५८६ मध्ये, बावीस वर्षांचा असताना, त्यानं एक छोटा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं, आर्किमिडीजसारख्या माणसानं असलं ढोबळ काम केलं नसणार. त्यानं तराजू वापरला असणार. तराजूच्या एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच वजनाचं शुद्ध सोनं. हवेत दोन्ही समतोल. आता दोन्ही पाण्यात बुडवा. मुकुट आकारानं मोठा, म्हणून पाणी त्याला जास्त उचलतं, आणि ती बाजू वर जाते. आपल्या उदाहरणात १३ ग्रामनं. एक तोळ्याहून जास्त! जो फरक पातेल्यात ०.४ मिलिमीटर होता तोच तराजूवर आंधळ्यालाही कळेल इतका झाला. गॅलिलिओनं तराजूच्या दांडीवर बारीक तार गुंडाळली होती, वेढे मोजून वजन किती सरकवलं ते कळावं म्हणून. वेढे डोळ्यांना दिसेनात इतके बारीक, तर त्यावरून टोकदार सळई फिरवून ते कानानं आणि हातानं मोजायचे.

गंमत म्हणजे पूर्वेकडे हे काम त्याच्या साडेपाचशे वर्षं आधी झालेलं होतं. महमूद गझनीच्या काळात हिंदुस्थानाबद्दल लिहिणारा अल-बिरुनी आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात भेटतो तो प्रवासी म्हणून. त्याचं दुसरं काम म्हणजे धातू आणि रत्नांची घनता. त्यानं शंकूच्या आकाराचं भांडं बनवलं, वर अरुंद तोंडाचं. पाणी सांडायला काठ नाही, एक बारीक नळी, आणि तिच्याखाली तराजूचं पारडं. तोंड अरुंद, म्हणून पातळी थोडीशी वाढली तरी ते पाणी नळीतून पारड्यात येतं आणि थेट तोललं जातं. ११२१ च्या सुमारास मर्व्ह शहरात अल-खाझिनीनं बिरुनीचे आकडे आपल्या ग्रंथात घेतले आणि पाण्यात तोलणारा तराजूही वर्णन केला. पाणी कुठलं आणि किती गार यानं उत्तर बदलतं, हेही त्यानं नोंदवलंय. सोनं १०० धरलं तर तेवढ्याच आकाराचं शिसं ५९ आणि चांदी ५४ भरते, असे हे आकडे. आज हिशेब करा, ५९ आणि ५४च येतात.

हीच परंपरा अबुल फजलपर्यंत पोचली. म्हणजे 'आईन'मधलं ते प्रकरण हवेतून आलेलं नाही.

इथे मला मुद्द्याची रीत सांगायला हवी, कारण आता ती कुणालाही घरी करता येते आणि तिला पाण्यात बुडणारा तराजूही लागत नाही. ०.०१ ग्रामपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो. आधी डाग कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा आणि काटा शून्यावर आणा. डाग बारीक दोऱ्याला बांधून ग्लासात पूर्ण बुडवा, पण तळाला आणि बाजूंना टेकू देऊ नका. दोरा हातात किंवा स्टँडला. आता काट्यावर जो आकडा दिसेल, जितके ग्राम, तितकेच घन सेंटिमीटर डागाचं घनफळ.

पहिल्यांदा हे पटत नाही. डाग तर दोऱ्याला टांगलाय, मग काट्याला त्याचं वजन कळतंच कसं? त्याचं वजन कळतच नाही, हेच तर खास आहे. पाणी डागाला वर ढकलतं. डागही पाण्याला तेवढ्याच जोरानं खाली ढकलतो. तो जोर ग्लासच्या तळातून काट्यावर उतरतो. दुसऱ्या तऱ्हेनं बघा: डाग बुडाला की पाण्याची पातळी वाढते. ग्लासच्या तळाला फक्त पाण्याची उंची कळते. वाढलेली जागा सोन्यानं घेतली की आणखी पाण्यानं, यानं त्याला काही फरक पडत नाही. म्हणून काटा दाखवतो तो डागाच्या आकाराइतक्या पाण्याचं वजन. सोनं बुडवा, दगड बुडवा, आकार एक असेल तर आकडा एकच. आणि पाण्याच्या एका घन सेंटिमीटरचं वजन एक ग्राम. ३० अंश तापमानाला ते अर्ध्या टक्क्याहून थोडं कमी भरतं, तेवढं सोडून देता येतं.

कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. २२ कॅरेटमध्ये सोनं ९१.६ टक्के. बाकीचं सगळं तांबं असेल तर घनता १७.६ येते, सगळी चांदी असेल तर १८.०. २० कॅरेटला हेच आकडे १६.२ ते १६.९. दोन्ही पट्टे एकमेकांना शिवत नाहीत, आणि म्हणून ही रीत कामाची.

ओझरमध्ये घनता हा शब्द तसा अनोळखी नसावा. आमच्या गावाला बाहेरचे लोक अजून 'ओझर मिग' म्हणतात, कारण साठच्या दशकात इथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आला आणि मिग-२१ बनू लागली. विमानाच्या धंद्यात आकार आणि वजन यांचं नातं चुकलं तर काय होतं त्याचं उदाहरण कॅनडातलं आहे. २३ जुलै १९८३ ला एका बोइंग ७६७ मध्ये इंधन भरताना लिटरचे किलो करायला चुकीची घनता वापरली. पौंडातला आकडा किलोचा समजून. विमान हवेत असताना टाक्या रिकाम्या झाल्या. वैमानिकांनी ते इंजिनाशिवाय तरंगत आणून एका जुन्या धावपट्टीवर उतरवलं, माणसं वाचली. धातूच्या ओतीव भागात आत हवेची पोकळी राहिली का, हेही हवेत आणि पाण्यात तोलूनच तपासतात. पोकळी असेल तर घनता कमी भरते. भाग न कापता आतलं कळतं.

मात्र टाउनशिपच्या भिंतीपलीकडे, द्राक्षाच्या बागांत, घनतेचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर खतं, औषधं, मजुरी, सगळ्याला एकदम पैसा लागतो आणि माल हातात यायला चार-पाच महिने असतात. मग कपाटातून सोनं निघतं. दोन वर्षांपूर्वी मामीच्या दोन भरीव पाटल्या अशाच तारण ठेवायला नेल्या. तिथल्या माणसानं दगडावर घासून, तेजाब लावून सांगितलं, "जुना माल आहे, डाखही जास्त, वीस कॅरेट धरू." मामा परत आला. त्याला पटलं नव्हतं, पण काय म्हणायचं तेही सुचत नव्हतं. दगडावरची रेघ त्याला दाखवली होती. रेघ म्हणजे रेघ, त्यात तो काय वाचणार?

मी ग्लास आणि काटा मांडला. मामी म्हणाली, "हे काय गं, सोनं धुतेस का?" आधी खरंच धुतल्या, साबणानं, कारण नक्षीत अडकलेला मळ आणि हवेचे बुडबुडे दोन्ही आकडा बिघडवतात. कोरडं वजन ४६.३० ग्राम. पाण्यात २.६१. भागाकार १७.७४. काट्याची चूक शेवटच्या घरात एक धरली तरी १७.६७ ते १७.८१ च्या बाहेर जात नाही. २० कॅरेटच्या पाटल्या असत्या तर पाण्यातला आकडा किमान २.७३ यायला हवा होता. मामीनं स्वतः एकदा बुडवून बघितलं, मामानं एकदा, शेजारच्या काकूंनी एकदा. तिघांना २.६०, २.६१, २.६१.

२० आणि २२ कॅरेटमधला फरक ४६ ग्रामवर म्हणजे जवळपास ३.८ ग्राम शुद्ध सोनं. दुसऱ्या दिवशी मामानं तिथेच जाऊन मशीनवर तपासायचा आग्रह धरला. क्ष-किरणांच्या यंत्रात ९१.४ टक्के आलं. कर्ज २२ कॅरेटच्या हिशेबानं मिळालं. त्या माणसानं मुद्दाम कमी सांगितलं असं मी म्हणणार नाही. त्याची नजर चुकली असेल, किंवा त्यानं स्वतःपुरती सुरक्षित बाजू घेतली असेल.

तेव्हापासून फैजी आणि अबुल फजल डोक्यात आहेत. रीत पुस्तकात होती, बादशहाच्या टांकसाळीच्या पुस्तकात, आणि तरी पुढच्या चारशे वर्षांत पेठेत दगडच चालला. का? एक सरळ कारण म्हणजे तराजू. ४६ ग्रामच्या पाटल्यांमध्ये शंभरावा भाग ग्राम ओळखायचा तर गुंजांच्या काट्यानं भागत नाही. गुंज म्हणजे साधारण ०.१२ ग्राम. किलोभर सोन्याच्या लगडीवर रीत चालेल, नथीवर नाही. टांकसाळीला उपयोग, बाईमाणसाच्या डागाला नाही. दुसरं, दगडाला वेळ लागत नाही. गिऱ्हाइकांची रांग लागली असताना कोण दोरे बांधत बसेल?

पण मला तिसरंही एक कारण दिसतं, आणि याला पुरावा नाही, माझा अंदाज आहे. दगड वाचण्याची विद्या सराफाच्या डोळ्यात राहते. पाण्याचा आकडा समोरचाही वाचू शकतो. ज्याच्याकडे नजर आहे त्याला आकड्याची घाई नसते. पाण्यानं सोनं वेगळं करणारे लोक आपल्याकडे होतेच की. सोनाराच्या दुकानापुढची धूळ-माती घमेल्यात घोळून त्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी. जड खाली राहतं, हलकं वाहून जातं. घनतेचं हे ज्ञान गटाराच्या काठावर बसून पोट भरत होतं. त्याचं गणित कुणी मांडलं नाही.

आता हॉलमार्क आहे. सोन्यासाठी ही योजना २००० मध्ये सुरू झाली, जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा डाग विकता येत नाही. नव्या सोन्याचा प्रश्न बराचसा मिटला. कपाटातल्या जुन्या सोन्यावर मात्र कुठलाच क्रमांक नाही, आणि छाटणीच्या वेळी तारण जातं ते तेच.

पाण्यालाही फसवता येतं हे सांगायला हवं. टंगस्टनची घनता १९.२५, सोन्याच्या इतकी जवळ की बिस्किटाच्या पोटात टंगस्टन भरलं तर पाणी काहीच बोलत नाही. दगड आणि क्ष-किरण फक्त वरचा थर बघतात, त्यामुळे तेही गप्प. डागात हे सहसा सापडत नाही, कारण टंगस्टन ठिसूळ आणि वितळायला महाकठीण, सोनाराच्या हातात ते वळत नाही. खड्यांच्या डागात खड्यांचं घनफळ आधी वजा करावं लागतं. आणि पोकळ डागाचं तर बोलायलाच नको. मामीच्या बोरमाळेतला एकेक मणी म्हणजे सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख. ती बुडवली तेव्हा घनता इतकी खाली आली की मामीचा चेहरा उतरला. लाख पाण्याहून थोडीशीच जड, तिनं जागा खाल्ली आणि वजन काहीच दिलं नाही, हे समजावून सांगायला मला पाटल्यांहून जास्त वेळ लागला. बोरमाळेतलं सोनं नेमकं किती हे कळायचं तर मणी फोडून लाख काढायला हवी. मामी म्हणाली, "राहू दे गं, ती नाही ठेवायची तारण."